मस्जिदीचा भोंगा : दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

पावसाळा तोंडावर आला की मस्जिदींच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. मिनारावरचा भोंगा खरखरतो आहे, एका बाजूचा तर बंदच पडला आहे, आता काय करायचे? तरुण म्हणतात, सगळे काढून नवा सेट आणू, चार भोंगे आणि मोठा अँप्लिफायर. वडीलधारे म्हणतात, हा भोंगा अमुक मरहूमांनी दिला होता, त्यांचा सवाब चालू राहू द्या. बीड शहर असो, गेवराई-माजलगाव असो की आष्टी-पाटोद्याकडचे एखादे खेडे, वाद हाच. आणि चंद्याचा पैसा अमानत असल्यामुळे तो निष्काळजीपणे मिटवताही येत नाही.

या वादात एक प्रश्न सहसा राहून जातो : आपला आवाज कुठपर्यंत जायला हवा? त्याचे उत्तर ठरले की दुरुस्ती की खरेदी हे बरेचसे आपोआप ठरते.

आधी कायदा पाहू, कारण आज खर्चाचा निर्णय त्याला वगळून करता येत नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. लाऊडस्पीकरसाठी सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतले जे कमी असेल ते. म्हणजे निवासी मोहल्ल्यात दिवसा ६५. रात्री १० ते सकाळी ६ बाहेरचा भोंगा बंद. बंदिस्त जागेत आतल्या आत स्पीकर चालतो. दवाखाना, शाळा किंवा न्यायालयापासून १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरलेला असेल तर नियम आणखी कडक. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे म्हटले आणि आवाजाची मर्यादा यंत्रातच बसवण्याचा विचार करण्यास सरकारला सांगितले. त्याच वर्षी मार्चमध्ये मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत परवानगी ठराविक मुदतीचीच मिळेल आणि नियम मोडल्यास साहित्य जप्त होईल असे जाहीर केले. हे नियम मंदिर, मस्जिद, लग्नाचा डीजे आणि मिरवणूक सगळ्यांना सारखेच आहेत. अंमलबजावणी सारखी होते का, हा वेगळा आणि रास्त प्रश्न आहे. पण जप्त झालेला नवा सेट म्हणजे जमातीचाच पैसा गेला.

आता थोडा हिशोब. चांगल्या भोंग्याला फक्त १ वॅट दिला तरी समोर एक मीटरवर साधारण १०५ डेसिबल आवाज निघतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे १०० मीटरवर तो ६५ च्या आसपास राहतो, तोही एका वॅटवर! उलट, वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. शंभर वॅटचा अँप्लिफायर आणून आपण बहुतेक वेळा काय विकत घेतो? शेजाऱ्याची झोपमोड आणि स्वतःच्या भोंग्याचे जळणे.

हे जळणे नीट समजून घ्यायला हवे. भोंग्याच्या मागे जो डबा असतो त्याला युनिट म्हणतात. त्यात चुंबक असते आणि त्याच्या बारीक फटीत तारेचे वेटोळे चिकटवलेला पातळ पडदा, म्हणजे डायफ्राम. ‘भोंगा गेला’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा हा डायफ्रामच गेलेला असतो. तो काही शे रुपयांत बदलता येतो. चुंबक वर्षानुवर्षे टिकते, पत्र्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या तोंडाला काही होत नाही. कारागिराला बोलावण्याआधी घरच्या घरी एक तपासणी करता येते : अँप्लिफायरपासून वायर सोडवून युनिटच्या टोकांना साधा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. ‘टिक’ वाजले तर वेटोळे शाबूत आहे, दोष वायरमध्ये, जोडात किंवा माईकमध्ये शोधा. मीटर असेल तर १६ ओहमचे युनिट साधारण १२ ते १४ दाखवते. पावसात भिजलेले आणि हिरवट पडलेले तांब्याचे जोड हे तर आपल्याकडचे जुनेच दुखणे. कापून, घासून, नव्याने जोडून टेप मारली की अर्धे भोंगे बोलू लागतात. भोंग्याचे तोंड किंचित खाली झुकवलेले असावे म्हणजे पाणी आत साचत नाही. आत चिमण्यांचे घरटे आहे का तेही पाहावे, आणि पिल्ले असतील तर दुरुस्ती थोडी पुढे ढकलावी.

पण डायफ्राम दर रमजानला जळत असेल तर दोष त्याचा नाही. आवाज फाटेपर्यंत नॉब फिरवला जातो, किंवा जोडणी चुकलेली असते. १६ ओहमची चार युनिटे समांतर जोडली की भार ४ ओहमवर येतो. ती ८ ओहमच्या टोकाला लावली तर अँप्लिफायर तापून मरतो. दोन भोंग्यांची अधिक-उणे टोके उलटसुलट लागली तर दोघांचे आवाज एकमेकांना मारतात, आणि मग ‘आवाज कमी येतो’ म्हणून आपण तिसरा भोंगा आणतो.

नवे कधी घ्यावे? चुंबक सुटलेले, तोंडाची मान गंजून फुटलेली, किंवा त्या जातीचा डायफ्राम बाजारात मिळेनासा झाला असेल तेव्हा. आणि एका बाबतीत अजिबात काटकसर नको. जुन्या अँप्लिफायरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर तो त्याच दिवशी बंद करावा. मुअज्जिन वुजू करून ओल्या हाताने धातूचा माईक धरतात. तिसऱ्या पिनची अर्थिंग नसलेल्या खोलीत हा खेळ जिवावरचा आहे. नवा अँप्लिफायर आणण्याआधी अर्थिंग करून घ्यावी, नाहीतर नवाही तितकाच धोक्याचा.

माझ्या मते पैसा खरोखर लागतो तो मस्जिदीच्या आत. घुमटाखाली किंवा उघड्या भिंतींच्या हॉलमध्ये एकच मोठा स्पीकर लावला की खुतब्याचा शब्द शब्दावर आदळतो. मागच्या सफेतल्या म्हाताऱ्यांना आवाज येतो, अर्थ येत नाही. त्याऐवजी भिंतींवर छोटे उभे कॉलम स्पीकर, कमी आवाजात, माणसांच्या जवळ. महिलांसाठी जागा असेल तिथेही एक, स्वतंत्र नॉबसह. फज्रसाठीही हाच आतला स्पीकर कामी येतो. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे अजान सहानंतर ठेवता येते. मे महिन्यात ते शक्य नाही. मुंबईत २०२५ मध्ये भोंगे उतरल्यावर माहीमच्या जुम्मा मस्जिदीसह काही मस्जिदींनी मोबाइलवर थेट अजान पोहोचवणारे अ‍ॅप स्वीकारले. खेड्यात प्रत्येक आजोबांच्या हाती तसा फोन नसतो, हे खरेच.

लाऊडस्पीकर नवा होता तेव्हा उलेमांमध्ये त्याच्या वापराबद्दल बराच खल झाला. मुफ्ती मुहम्मद शफी यांनी त्यावर उर्दूत स्वतंत्र पुस्तिका लिहिली. यंत्र आले ते सोय म्हणून. अजान त्याच्या आधीपासून आहे, आणि हजरत बिलाल (रजि.) यांची निवड झाली ती त्यांच्या आवाजासाठी. मोठ्याने कुरआन पढून एकमेकांना त्रास देऊ नका, असे एतेकाफमध्ये असताना प्रेषितांनी (स.) सांगितल्याचे हदीसमध्ये येते. शेजारी मग कोणत्याही धर्माचा असो, त्याच्या घरी परीक्षेला बसलेले लेकरू किंवा दम्याची म्हातारी असू शकते.

राहिला प्रश्न मरहूमांच्या भोंग्याचा. डायफ्राम बदलून तो चालू राहिला तर वादच नाही. अगदीच निकामी झाला तर भंगारात देण्याआधी आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे, घरच्यांना कळवावे, आलेले पैसे त्याच मस्जिदीच्या कामाला लावावेत आणि रजिस्टरमध्ये तशी नोंद करावी. काम झाल्यावर एक जण हद्दीवर डेसिबल मीटर घेऊन उभा राहील (मोबाइलचा मीटर फक्त अंदाजापुरता), दुसरा अजानच्या आवाजात बोलेल, आणि मर्यादेच्या आत जिथे काटा येईल तिथे नॉबवर नेलपॉलिशची खूण करून टाकावी. पुढच्या माणसाला सांगत बसावे लागत नाही.