ढगात वर कुठे असतं?

फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट वर्धेकरांना नवी नाही. गहू-हरभरा आडवा होतो, संत्र्याचा आंबिया बहार झडतो आणि पंचनाम्याची वाट पाहणं सुरू होतं. पण बोरगाव मेघेच्या एखाद्या अंगणात पडलेली लिंबाएवढी गार हातात घेऊन क्षणभर विचार करा: एवढं वजन आभाळात थांबलं कसं? त्याला खालून वारा लागतो. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने सरळ वर जाणारा वारा! शेजारीच तितक्याच जोमाने खाली कोसळणारा वाराही असतो. गडगडाटी ढग म्हणजे हे सगळं एकत्र.

मोठी जेट विमानं दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातात आणि रडारवर असा ढग दिसला की वळसा घालतात. छोट्या विमानांचा रस्ता मात्र बहुतेकदा या हवामानाच्या मधूनच जातो. ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे दिल्लीहून कानपूरला सभेसाठी निघाले होते, ते असंच छोटं, दोन इंजिनांचं बीचक्राफ्ट किंग एअर होतं. उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ खराब हवामानात ते शेतात कोसळलं. आठही जण गेले. साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडहून ग्वाल्हेरला गेलेल्या घराण्याचा हा वारस तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता.

वाऱ्याचे धक्के समजायला सोपे आहेत. मला थक्क करतो तो ढगातला दुसरा धोका. तिथे वारा नसला, हवा अगदी शांत असली, तरी तो असतोच. तो आपल्या कानात आहे.

प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, द्रवाने भरलेल्या. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो आणि तिथले केसांसारखे तंतू वाकतात; मेंदूला कळतं, आपण वळतोय. पण वळण एकसारखं चालू राहिलं, की पंधरा-वीस सेकंदांत द्रव नलिकेच्या वेगाने फिरू लागतो, तंतू सरळ होतात आणि मेंदू म्हणतो, थांबलो! विमान मात्र वळतच असतं. आता वैमानिकाने ते खरोखर सरळ केलं, तर कान सांगतो की आपण उलट्या बाजूला वळतोय. तो बिचारा पुन्हा पहिल्या बाजूला झुकतो. नाक खाली जातं, वेग वाढतो, गिरक्या आवळत जातात.

मग गुरुत्वाकर्षणावरून तरी कळावं ना? नाही. नीट घेतलेल्या वळणात सगळा भार विमानाच्या फरशीकडेच लागतो. अमेरिकी वैमानिक बॉब हूवर विमानाला हवेत पूर्ण कोलांटी देताना ग्लासात चहा ओतून दाखवायचे, थेंबही सांडायचा नाही. मांडीवरचा भार ‘खाली’ कुठे हे सांगतच नाही. ते सांगतं क्षितिज, आणि ढगाने नेमकं तेच पुसलेलं असतं.

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने उपकरणांवरून उडण्याचं शिक्षण नसलेल्या वीस जणांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला दिलं. वीसही जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत!

आणि हे नवशिक्यांपुरतं नाही. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे जम्बो जेट वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं आणि २१३ जण गेले. तेव्हा आभाळ निरभ्र होतं. पण खाली काळा समुद्र, क्षितिज नाही, आणि कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज दाखवणारं उपकरण बिघडलेलं. विमान डावीकडे कलत होतं, कॅप्टनना वाटलं उजवीकडे.

अशाच उपकरणांच्या भरवशावर २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकी वैमानिक जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून उड्डाण केलं आणि बाहेर न पाहता विमान उतरवून दाखवलं. आजही शिकाऊ वैमानिकाच्या डोळ्यांपुढे पडदा लावतात, म्हणजे त्याला फक्त तबकड्या दिसाव्यात. एक धडा तर असा असतो: तो डोळे मिटून बसतो, शिक्षक विमान हळूहळू कलवतात आणि मग म्हणतात, उघड डोळे, आणि तबकडी पाहून सरळ कर.