इफ्तारचा पहिला घोट

मगरिबची अजान होते. लकवा झालेल्या आजोबांना रोजा नाही, आजारी माणसाला कुराणानेच सूट दिली आहे. पण दस्तरखानावर ते सगळ्यांबरोबर हवेतच. नातू खजूर पुढे करतो, सून मायेने पाण्याचा ग्लास ओठांना लावते, आणि आजोबांना ठसका लागतो.

स्पीच थेरपिस्ट म्हणजे उशिरा बोलणाऱ्या मुलांचे डॉक्टर, अशी पालघर-बोईसरकडेच काय, सगळीकडेच समजूत आहे. गिळणे तपासणे हेही त्यांचेच काम. बोलायला आणि गिळायला जीभ, टाळू, घसा तोच. लकव्यात हे स्नायू मंदावतात. पातळ पाणी झरकन घशात उतरते, श्वासाची वाट बंद होण्याआधीच. ते फुप्फुसात गेले तर न्यूमोनियाची भीती. काहींना तर ठसकाही लागत नाही, फक्त आवाज ओलसर, घरघरता होतो. खजूर चिकट, तो टाळूला बसतो. शेजारच्या घरात पळीभर तीर्थ पाजतानाही धोका हाच.

दुसरी गोष्ट घरच्यांना बुचकळ्यात टाकते. बायकोचे नाव न आठवणारा माणूस पाठ असलेली सूरा, कुणी रामरक्षा, सलग म्हणून जातो. हे सोंग नव्हे. पाठांतर आणि नवे वाक्य जुळवणे ही मेंदूची वेगवेगळी कामे आहेत. थेरपिस्ट अशा पाठांतरापासूनच कधी कधी सुरुवात करतो. मात्र ते रुग्णाच्या घरच्या बोलीत हवे. तारापूर एमआयडीसीच्या चाळींत ती भोजपुरी असेल, गावात वाडवळी, पाड्यावर वारली.

वांद्र्याला 1983 पासून वाचा व श्रवणदोषांची राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांचे नाव तिला आहे. पण लकव्याच्या माणसाला बोईसरहून गाडीने दोनेक तास न्यायचे, तेही दर आठवड्याला, कोणाला जमते? म्हणून थेरपिस्ट घरी येण्याला मोल आहे. भरवते कोण, चमचा केवढा, माणूस पलंगावर आडवा आहे की ताठ, हे घरातच दिसते. पाणी किती दाट करायचे, खजूर वाटून चालेल का, हे तो तपासून ठरवतो. एकाला चालते ते दुसऱ्याला चालत नाही.

आणखी एक अडचण खास रमजानची. इफ्तार होताच सगळे नमाजसाठी उठतात, आजोबांचे भरवणे घाईत उरकते. त्यांना नमाजनंतर निवांत भरवावे, आणि जेवल्यावर अर्धा तास तरी बसते ठेवावे. तरावीहला निघताना घरात एकाने मागे थांबायचे, एवढेच.