भीमाशंकर : अखंड वृक्षछत्र आणि पर्यटनाची मर्यादा

सारांश

पुणे जिल्ह्यातील भीमाशंकर हे एकाच वेळी ज्योतिर्लिंगाचे स्थान, भीमा नदीचे उगमक्षेत्र, वन्यजीव अभयारण्य आणि पावसाळी पर्यटनाचे केंद्र आहे. पर्यटकांना आकर्षित करणारे धुके, गारवा आणि झरे, तसेच शेकरूसारखा प्राणी, या सर्वांचा आधार तेथील सलग वृक्षछत्र होय, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे. भीमाशंकरच्या पर्यटनाची मर्यादा निवासाच्या खोल्या वा वाहनतळांवरून न ठरविता या छत्राच्या अखंडतेवरून ठरवावी, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : भीमाशंकर, सह्याद्री, वृक्षछत्र, शेकरू, देवराई, हिरडा, पर्यटन, अभ्याससहल.

प्रस्तावना

महाराष्ट्रातील थंड हवेच्या ठिकाणांची यादी करताना महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान यांच्याबरोबर भीमाशंकरचेही नाव घेतले जाते. तथापि, या स्थळांच्या जडणघडणीत मूलभूत फरक आहे. महाबळेश्वर येथे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८ च्या सुमारास, युरोपीय लोकांसाठी आरोग्यस्थान वसविण्यात आले. माथेरानकडे ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये लक्ष वेधले आणि १९०७ मध्ये तेथे छोटी रेल्वे पोहोचली. ही गावे उन्हाळी वास्तव्यासाठी आखली गेली. त्यामुळे बंगले, बाजारपेठ, फेरफटक्याच्या वाटा व प्रेक्षणीय ठिकाणे ही त्यांच्या रचनेचीच अंगे होती.

भीमाशंकरला अशी वसाहतकालीन आखणी लाभली नाही. येथे येणारा माणूस राहण्यासाठी नव्हे, तर दर्शनासाठी येत असे आणि दर्शन घेऊन परतत असे. मंदिराभोवतीचे अरण्य टिकण्यास ही गोष्टही उपकारक ठरली. गेल्या काही दशकांत रस्ते सुधारले, खाजगी वाहने वाढली आणि यात्रेच्या जोडीला सहलीची प्रथा रूढ झाली. मुक्कामासाठी कधीच न घडविलेल्या या स्थळाकडून आता थंड हवेच्या ठिकाणाच्या सोयींची अपेक्षा केली जाते. आजच्या समस्येचे मूळ येथे आहे.

स्थान व मार्ग

भीमाशंकर सह्याद्रीच्या मुख्य धारेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवर वसले आहे. मंदिर खेड तालुक्याच्या हद्दीत असले, तरी बहुसंख्य प्रवासी मंचर, घोडेगाव, डिंभे व तळेघर या आंबेगाव तालुक्यातील मार्गाने येतात. कोकणच्या बाजूने कर्जत तालुक्यातील खांडस गावातून शिडी घाट व गणपती घाट या दोन पायवाटा वर चढतात. भीमेच्या खोऱ्यातील भोरगिरीहूनही जंगलातून पायवाट आहे. गाडीरस्ता होण्यापूर्वी यात्रेकरू अशाच पायवाटांनी येत. चालत येणाऱ्याला अरण्याचा टप्प्याटप्प्याने परिचय होतो. वाहनातून थेट पायऱ्यांपाशी उतरणाऱ्याला तो होत नाही.

१९८५ मध्ये या परिसरास वन्यजीव अभयारण्याचा दर्जा देण्यात आला. सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य पुणे, ठाणे व रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेले आहे. अर्थात, जिल्ह्यांच्या सीमा प्रशासनाच्या सोयीसाठी आहेत. पाणी व प्राणी त्या जाणत नाहीत.

पाऊस, धुके आणि उगम

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त नैर्ऋत्य वारे सह्याद्रीच्या कड्याला अडतात, वर चढतात आणि थंड होतात. त्यामुळे माथ्यावर विपुल पाऊस पडतो. भीमाशंकर परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. माथ्याच्या पूर्वेस पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो आणि पाऊस झपाट्याने घटतो. पुणे शहराचे वार्षिक पर्जन्यमान सुमारे सातशे मिलिमीटर आहे, यावरून या उताराची तीव्रता ध्यानात येते. पूर्वेकडील कोरड्या प्रदेशाला लागणारे पाणी मुख्यतः माथ्यावरच्या या अरुंद पट्ट्यात पडते.

येथील पाया दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. घट्ट खडकाचे थर आणि भेगाळलेले, झिजलेले थर एकावर एक रचलेले आहेत. पावसाचे पाणी पालापाचोळ्याच्या व मातीच्या आवरणातून झिरपते, भेगाळ थरांत साठते आणि खालच्या घट्ट थरावर अडून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. झाडांची पाने थेंबांचा आघात सोसतात, मुळे माती धरून ठेवतात आणि पाचोळा पाण्याचा वेग मंदावतो. हे आवरण नाहीसे झाल्यास पाऊस तेवढाच पडेल, पण पाणी मुरण्याऐवजी मातीसह वाहून जाईल.

भीमा नदीचा उगम या परिसरात होतो. त्रिपुरासुराशी झालेल्या युद्धानंतर शंकराच्या घामातून नदी उत्पन्न झाली, अशी श्रद्धा आहे. मंदिराजवळ उगम पावलेला प्रवाह गुप्त होऊन पुढे जंगलात प्रकटतो, त्या स्थानास ‘गुप्त भीमाशंकर’ म्हणतात. सुमारे ८६१ किलोमीटरचा प्रवास करून ही नदी कर्नाटकात रायचूरच्या परिसरात कृष्णेस मिळते. वाटेत चासकमान व उजनी ही धरणे तिच्यावर उभी आहेत. पंढरपुरात तीच चंद्रभागा म्हणून पूजिली जाते. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात उगम पावणारी घोड नदी डिंभे धरणातून पुढे जाऊन भीमेलाच मिळते. अर्थात, भीमाशंकरच्या माथ्यावरील झाडीचा संबंध सोलापूरच्या उसाशी आणि पंढरपूरच्या वाळवंटाशी आहे.

वृक्षछत्र आणि शेकरू

येथील जंगल सदाहरित व निमसदाहरित स्वरूपाचे आहे. अंजनी, जांभूळ, पिसा या वृक्षांचे त्यात प्राबल्य असून आंबा, हिरडा व पारजांभूळ हेही आढळतात. उतारांवर कारवीची दाटी असते. ती काही वर्षांच्या अंतराने एकाच वेळी फुलते आणि बी धरून मरते. पावसाळ्यात कुजणाऱ्या लाकडावरील काही बुरशी काळोख्या रात्री मंद हिरवट प्रकाश देतात. या दृश्यासाठी ओलावा, मृत लाकूड आणि काळोख या तिन्हींची आवश्यकता असते. पडलेली लाकडे उचलून नेल्यास किंवा विजेचे प्रखर दिवे लावल्यास ते दृश्य उरणार नाही.

या वृक्षछत्राचा सर्वांत परिचित रहिवासी म्हणजे शेकरू. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेल्या या मोठ्या खारीच्या येथील उपजातीचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३१ मध्ये केले आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या नावावरून तिला नाव दिले. रेने बोर्जेस यांनी पुढे भीमाशंकरच्या जंगलात शेकरूच्या आहाराचा सखोल अभ्यास केला. फळे, फुले, बिया, कोवळी पाने व साल हे त्याचे अन्न असून वर्षभरात निरनिराळ्या वृक्षांवरून ते मिळवावे लागते. एकाच शेकरूची अनेक घरटी असतात. ती काटक्यापानांची, गोलाकार आणि उंच फांद्यांवर बांधलेली असतात. जमिनीवर उतरणे शेकरू शक्यतो टाळतो. तेथे त्याला शिकारी प्राण्यांचे व कुत्र्यांचे भय असते.

शेकरूची झेप सुमारे सहा मीटरपर्यंत जाते. दुपदरी रस्त्याचा केवळ डांबरी भागच सुमारे सात मीटर रुंद असतो. बाजूपट्ट्या व गटारे धरल्यास रुंदी दहा मीटरपलीकडे जाते. रस्त्याच्या दोन्ही कडांचे जुने वृक्ष राखले, तर त्यांच्या फांद्या वर एकमेकींना भिडतात आणि शेकरूचा मार्ग खुला राहतो. रुंदीकरणात ते वृक्ष गेले, की नकाशावर जंगल जवळपास तेवढेच दिसते; परंतु शेकरूच्या दृष्टीने त्याचे दोन तुकडे झालेले असतात. वृक्षतोडीच्या हिशेबात ‘अमुक इतकी झाडे’ अशी नोंद होते. ती झाडे कोणत्या जागी होती, हे तीत येत नाही. म्हणून छत्राची अखंडता हा वृक्षसंख्येहून वेगळा आणि अधिक महत्त्वाचा निकष ठरतो.

देवस्थान, देवराई आणि रहिवासी

भीमाशंकरचे मंदिर नागर शैलीचे असून त्याचे शिखर नाना फडणवीसांनी बांधविले. आवारातील मोठी पोर्तुगीज घंटा १७३९ च्या वसई विजयानंतर चिमाजी अप्पांनी आणलेल्या घंटांपैकी मानली जाते. वास्तूच्या या इतिहासाइतकाच सभोवतालच्या अरण्याला लाभलेल्या श्रद्धेच्या संरक्षणाचा इतिहास मोलाचा आहे. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे वनस्पतिशास्त्रीय महत्त्व जगापुढे मांडले. देवाच्या नावे राखलेल्या रानात कुऱ्हाड चालवायची नाही, या संकेताने शासकीय कायद्यांच्या फार पूर्वीपासून वृक्ष राखले. आहुपे येथील देवराई हे या परंपरेचे आंबेगाव तालुक्यातील उदाहरण होय.

या परंपरेचे वाहक मुख्यतः महादेव कोळी समाजाचे लोक आहेत. भातखाचरे, नाचणी-वरईची डोंगरउतारावरील शेती आणि वनोपज यांवर त्यांची उपजीविका चालत आली आहे. पावसाळ्यापूर्वी हिरड्याची कोवळी फळे गोळा करून वाळविली जातात. हा बाळहिरडा औषधनिर्मितीसाठी विकला जातो आणि खरिपाच्या तोंडावर कुटुंबाच्या हाती रोख रक्कम येते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात जुन्नर, आंबेगाव व खेडच्या पश्चिम भागातील हिरड्याच्या झाडांची मोठी हानी झाली. हिरड्याचे झाड फळाला येण्यास अनेक वर्षे लागतात. त्यामुळे एका वादळाने अनेक हंगामांचे उत्पन्न हिरावले गेले. जंगल हे पर्यटकासाठी दृश्य असले, तरी या कुटुंबांसाठी ते उत्पन्नाचे साधन आहे, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

डोंगरउतारांची नाजूक अवस्थाही याच तालुक्याने अनुभवली. ३० जुलै २०१४ रोजी पहाटेनंतर डिंभे जलाशयाच्या परिसरातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ जणांचा बळी गेला. अतिवृष्टी हे त्या दुर्घटनेचे तात्कालिक कारण होते. उतारावरील मानवी बदलांचा वाटा किती, याविषयी मतभेद झाले. तथापि, अशा भूभागात उतार कापून रस्ता, वाहनतळ वा निवासी इमारत उभारताना विशेष दक्षता घ्यावी लागते, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

पर्यटनाचा भार

महाशिवरात्र, श्रावणी सोमवार आणि पावसाळ्यातील सुट्ट्यांचे दिवस या काळात भीमाशंकरला प्रचंड गर्दी होते. वर्षभराची सरासरी काढली असता हा भार सुसह्य वाटू शकतो. प्रत्यक्षात तो मोजक्या दिवसांत एकवटतो. शिवाय श्रावण म्हणजे माती पाण्याने संपृक्त असण्याचा काळ. वाहनांची कोंडी, प्लास्टिकचा कचरा, सांडपाणी आणि मोठा आवाज यांचा ताण अरण्यावर नेमका तेव्हाच पडतो. खाद्यपदार्थांच्या उरल्यासुरल्या भागावर माकडे व भटकी कुत्री पोसली जातात आणि त्यांच्या संख्येचा उपद्रव वन्यजीवांना होतो.

यावर केवळ सोयी वाढविणे हा उपाय अपुरा आहे, कारण वाढलेली सोय अधिक वाहनांना आमंत्रण देते. माथेरानमध्ये पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. त्यामुळे माथेरानचे आकर्षण घटलेले नाही. भीमाशंकरलाही गर्दीच्या दिवसांत खाजगी वाहने अलीकडे थांबवून भाविकांना एसटीने नेण्याची व्यवस्था केली गेली आहे. ही व्यवस्था सणापुरती न ठेवता सर्व गर्दीच्या दिवसांसाठी नियमित करणे, वाहनतळ अरण्याबाहेर राखणे, रस्त्याकडेचे वृक्ष सुरक्षित ठेवणे आणि छत्र तुटलेल्या ठिकाणी शेकरूसाठी दोरांचे पूल बांधणे हे उपाय आवाक्यातील आहेत. वृद्ध व अपंग भाविकांसाठी स्वतंत्र वाहनसोय ठेवल्यास दर्शनाच्या हक्कालाही बाधा येणार नाही.

अभ्याससहलीची दिशा

महाविद्यालयांच्या सहली भीमाशंकरला वारंवार जातात. मंदिर, नागफणी आणि मुंबई पॉइंट पाहून परतण्याऐवजी या भेटीस अध्ययनाचे रूप देता येईल. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी घोडेगावापासून माथ्यापर्यंत शेती व वनस्पतींत होणारा बदल नोंदवावा. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी रस्त्याच्या ठरावीक लांबीत छत्र कोठे जुळते व कोठे तुटते, याचा आराखडा काढावा. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पर्यटकाच्या खर्चातील किती वाटा स्थानिक कुटुंबांच्या हाती राहतो, हे तपासावे. मराठीच्या विद्यार्थ्यांनी देवराईविषयीच्या कथा व संकेत संकलित करावेत. अशा नोंदी दरवर्षी त्याच ठिकाणी केल्यास दहा वर्षांत महाविद्यालयाजवळ मोलाची सामग्री जमा होईल. एकाच वेळी मोठा जथा नेऊ नये, अभयारण्याच्या नियमांचे पालन करावे आणि अतिवृष्टीच्या इशाऱ्याच्या दिवसांत सहल पुढे ढकलावी, ही पथ्ये ओघानेच येतात.

समारोप

भीमाशंकरला देवाचे स्थान, नदीचा उगम आणि प्राण्यांचे घर यांची फारकत करता येत नाही. वृक्षछत्र हा त्यांना जोडणारा समान दुवा आहे. ते तुटले, तर मंदिर उभे राहील आणि रस्ताही अधिक रुंद होईल. मात्र धुक्याचा गारवा, बारमाही झरे, शेकरूची झेप आणि हिरड्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबांचे उत्पन्न यांची शाश्वती राहणार नाही. म्हणून भीमाशंकरच्या कोणत्याही विकास आराखड्याचे मूल्यमापन करताना किती पर्यटकांची सोय झाली, या प्रश्नाच्या आधी छत्र किती ठिकाणी तुटले, हा प्रश्न विचारला जावा. त्याचे उत्तर देण्यासाठी लागणारी नोंद परिसरातील महाविद्यालये ठेवू शकतात आणि ती त्यांनी ठेवणे इष्ट आहे.