एक कलम, तीन देश



गर्भपाताचा कायदा हा विषय व्यासपीठावरून बोलण्यास थोडा अवघड खरा. पण जो प्रश्न घरोघरी दबल्या आवाजात निघतो, तो गोदाकाठी उघड मांडण्यात संकोच कसला?

इंग्रजी अमदानीत १८६० साली दंडसंहिता झाली. तिच्या ३१२ व्या कलमाने, स्त्रीचा जीव वाचविण्याखेरीज अन्य कारणासाठी गर्भपात करविणे गुन्हा ठरविले. हे कलम नाशिकास लागू होते, तसेच लाहोरला आणि ढाक्यालाही. पुढे एकाचे तीन देश झाले. कुटुंबनियोजनासाठी तिघांनीही परदेशांचे साह्य घेतले; मात्र या कलमाची वाट तिघांनी तीन प्रकारे लावली.

भारताने १९६४ साली समिती नेमली. तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे त्या वेळी महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. १९६६ च्या अखेरीस अहवाल आला, १९७१ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अंमलात आला. मूळ गुन्हा त्याने पुसला नाही. ठरावीक कारणांसाठी डॉक्टरांना वाट करून दिली. बांगलादेशाने कलम तसेच ठेवले; पण १९७९ पासून सरकारी कुटुंबनियोजनात ‘पाळी नियमित करण्याची’ सोय केली. गर्भ आहे की नाही हे तपासावयाचेच नाही. मग कलम मोडले कोठे? पाकिस्तानाने १९९० साली, गर्भाचे अवयव बनण्यापूर्वी, आवश्यक उपचारापुरती मुभा दिली.

आता मदतीकडे वळू. गर्भपात हा कुटुंबनियोजनाचा मार्ग म्हणून आपल्या पैशाने होऊ नये, असे अमेरिकेने १९७३ साली ठरविले. १९८४ साली पुढची अट आली: मदत घेणाऱ्या परदेशी खाजगी संस्थेने, काही अपवाद वगळता, स्वतःच्या पैशानेही ही सेवा वा सल्ला देऊ नये. वॉशिंग्टनमध्ये सत्तापालट झाला की ही अट उठते, पुन्हा परतते. देशाचा कायदा परवानगी देतो आणि दात्याची अट तोंड बंद करते!

परंतु आपल्याकडे अट नसतानाही मौन असतेच. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात बसणाऱ्या कारणासाठी वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते; काही विशिष्ट परिस्थितीतील स्त्रियांना चोवीस आठवड्यांपर्यंत दोघांचे मत लागते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. अविवाहितेलाही हा हक्क आहे, असे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरील बाईला एवढे जरी कळले, तरी ती चोरट्या इलाजाऐवजी सरकारी दवाखान्याची पायरी चढेल. ते तिला सांगणे आपल्या हाती आहे.