सुरकुतीची सुई आणि ग्राहकाची पारख

दादरच्या सराफाकडे सोने घेणारा ग्राहक हल्ली दागिन्यावरील हॉलमार्क पाहतो. सोन्याचा कस नजरेने ठरविता येत नाही, म्हणून जून २०२१ पासून ही खूण टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. परंतु कपाळावरील आठ्या घालविणारी सुई टोचून घेताना हाच ग्राहक टोचणाऱ्याची नोंदणी आणि कुपीवरील मजकूर पाहतो काय? गिरगाव-दादरपासून गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिलेल्या परळ-लालबागपर्यंत सौंदर्योपचार आता मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले आहेत. त्यामुळे हा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही.

या सुईतील द्रव्य म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन. अन्नविषबाधा घडविणाऱ्या एका जंतूचे हे विष अतिसूक्ष्म मात्रेत दिले असता स्नायू तात्पुरता शिथिल करते. अमेरिकेत १९८९ मध्ये ते तिरळेपणा व पापण्यांच्या आकडीसाठी, तर २००२ मध्ये भुवयांमधील आठ्यांसाठी मान्य झाले. गुण तीन-चार दिवसांत दिसू लागतो आणि साधारणतः तीन-चार महिने टिकतो. जाणकार हाती, योग्य मात्रेत ते बहुतेकांना सोसते. डोके दुखणे, सुई टोचलेल्या जागी काळेनिळे होणे किंवा काही आठवडे पापणी उतरणे एवढाच त्रास सहसा संभवतो. तरीही ते औषध आहे, प्रसाधन नव्हे.

विक्रेत्याला मालाची प्रत ठाऊक असते आणि ग्राहकाला नसते, अशा बाजारात निकृष्ट माल चांगल्या मालाला हुसकून लावतो, असे जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये दाखवून दिले. सुरकुतीच्या सुईला हा सिद्धांत तंतोतंत लागू पडतो. भुकटीच्या रूपातील औषधात सलाइन किती मिसळले, हे ग्राहकाला दिसत नाही. गुण लवकर ओसरला तर औषध पातळ होते की प्रकृतीच तशी, हेही त्याला उमगत नाही. साहजिकच प्रामाणिक डॉक्टराचा दर महाग वाटतो आणि सवलतीच्या जाहिरातीकडे गर्दी वळते. भाजीच्या बाजारात शोभणारी घासाघीस येथे अंगलट येऊ शकते.

ही भीती काल्पनिक नाही. २००४ मध्ये फ्लोरिडात प्रयोगशाळेसाठीचे, माणसांकरिता मान्यता नसलेले विष टोचले गेल्याने चौघांना पक्षाघातासारखा गंभीर विकार जडला. २०२४ मध्ये बनावट अथवा अप्रशिक्षित हातांनी दिलेल्या सुयांमुळे अमेरिकेच्या अकरा राज्यांत बावीस जणांना त्रास झाल्याची नोंद एप्रिलपर्यंत झाली होती. उपचार निराळा असला, तरी मार्च २०१९ मध्ये चिंचपोकळी येथे केसरोपण करून घेतलेल्या एका व्यावसायिकाचा त्यानंतर मृत्यू ओढवला, हे मुंबईकरांच्या स्मरणात असेल. सौंदर्योपचार हाही वैद्यकीय उपचारच असतो, हा त्यातील धडा.

मग ग्राहकाने करावे काय? डॉक्टराने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि पावतीवर दर्शविणे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. हाच येथील हॉलमार्क. तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पडताळता येतो. मात्र नोंदणी म्हणजे या कामाचे प्रशिक्षण नव्हे. म्हणून डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहे काय, हेही विचारावे. कुपी आपल्यासमोर उघडावयास सांगावी. औषधाचे नाव, बॅच क्रमांक, मुदत आणि दिलेली युनिटे लिहून घ्यावीत. एका कंपनीचे युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाबरोबर तोलता येत नाही, हे ध्यानात असावे. औषध शीतपेटीत ठेवलेले होते काय, हा प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हा उपचार टाळावा. मायस्थेनियासारखा स्नायुविकार असल्यास अथवा रक्त पातळ करणारी औषधे वा काही प्रतिजैविके चालू असल्यास ते आधीच सांगावे. नंतरच्या काही तासांत किंवा आठवड्यांत गिळताना, बोलताना वा श्वास घेताना अडचण जाणवली, तर दवाखान्याच्या दूरध्वनीची वाट न पाहता थेट मोठे रुग्णालय गाठावे.

पावती जपून ठेवणेही तितकेच अगत्याचे. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच दिला आहे. पण पुराव्यावाचून तो हक्क पांगळा ठरतो.

अर्थात सारा भार ग्राहकाच्या शिरावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा रुग्ण दाखल करून घेणाऱ्या संस्था डोळ्यांसमोर ठेवून झाला. खुर्चीवर बसवून सुई टोचणारा दवाखाना त्या चौकटीत बसत नाही. अशा दवाखान्यांची महापालिकेकडे नोंद आणि तेथील औषधसाठ्याची अधूनमधून तपासणी, एवढी व्यवस्था अवघड नाही. सोन्याच्या शुद्धतेसाठी जी दक्षता शासनाने दाखविली, ती माणसाच्या चेहऱ्यासाठीही दाखवावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.