१,९९९ रुपयांचा टचस्क्रीन फोन आणि दुकानदाराचं गणित

दुकान टाकायच्या तयारीत असलेले लोक मला हमखास विचारतात, "सर, बाजारात नवीन काही आलं की सगळ्यांच्या आधी आपण ठेवलं, तर गिऱ्हाईक आपल्याकडेच येणार ना?" अशा वेळी मी फायरफॉक्स ओएसचं उदाहरण काढतो.

ऑगस्ट २०१४. इंटेक्सने क्लाउड एफएक्स आणला, किंमत फक्त १,९९९ रुपये. टचस्क्रीन, दोन सिम, आणि आत मोझिलाची, म्हणजे फायरफॉक्स ब्राउझरवाल्यांची नवी ऑपरेटिंग सिस्टीम. स्पाइसनेही तसाच फोन २,२९९ ला काढला. आयडिया हुशारीची होती, मानावंच लागेल. ॲप वेबसाइटसारखंच, एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टमध्ये बनवायचं, म्हणजे साध्या मशीनवरही चालेल.

पण क्लाउड एफएक्स हातात घेतला की काय दिसायचं? रॅम १२८ एमबी, थ्रीजी नाही आणि अधिकृत व्हॉट्सॲपही नाही. आता सांगा, की-पॅडचा फोन सोडून पहिला स्मार्टफोन घेणारा माणूस तो कशासाठी घेतो? गिऱ्हाईक ऑपरेटिंग सिस्टीम विचारत नाही हो, "यात व्हॉट्सॲप चालतं का?" एवढंच विचारतं. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने हे फोन विकणं थांबवत असल्याचं जाहीर केलं.

आता वही काढा. समजा एक नग तुम्हाला १,९०० ला पडला आणि सुटताना १०० मिळाले. २० नग भरले, म्हणजे ३८,००० अडकले. १९ विकले, नफा १,९००. विसावा पडून राहिला की तो सगळा नफा त्या एका डब्यात गेला! दोन राहिले तर खिशातून. मोबाईलमध्ये मार्जिन एवढं बारीक असतं, म्हणून पडून राहिलेला माल इथे जास्त टोचतो.

गंमत म्हणजे ती मेहनत वाया गेली नाही. त्याच कोडवरून पुढे कायओएस झाली आणि २०१७ च्या जिओफोनमध्ये आली. टचस्क्रीन नाही, साधी बटणं, १,५०० रुपये डिपॉझिट. २०१८ मध्ये त्यात व्हॉट्सॲपही आलं.

तेव्हा नवीन माल दाखवायला कोणी आलं तर दोनच नग मागा. न विकलेला माल परत घेणार का, किती दिवसांत, हे बिलावर लिहून घ्या. आणि ऑर्डर देण्याआधी डेमो पीस काउंटरवर ठेवून चार गिऱ्हाइकांच्या हातात द्या. पहिल्या मिनिटात ते काय शोधतात ते बघा.