एका किलोसाठी किती पैसे मोजायचे?

स्टायपेंडमधून रोड बाइक घ्यायची म्हटलं की गाडी इथे अडते: अ‍ॅल्युमिनियमची 10 किलोची घ्यायची, की जास्त पैसे घालून कार्बनची 9 किलोची? दुकानात वाटतं, वजन चक्क 10 टक्क्यांनी कमी! पण घाटात बाइक एकटी चढत नाही. तुम्ही 70 किलोचे असाल, तर एकूण वजन 80 वरून 79 होतं, म्हणजे फक्त सव्वा टक्का कमी. सिंहगडाच्या चढाला 40 मिनिटं लागत असतील, तर वाचतील जेमतेम 30 सेकंद. सपाट रस्त्यावर तर खरी झुंज हवेच्या विरोधाशी असते. म्हणून आधी आपल्या मापाची फ्रेम बघा, मग चांगले टायर. संशोधनातही टक्केवारी दिसली की आधी विचारायचं: कशाचे टक्के? छेद चुकला, की उत्तरही चुकतं.